दहा लाखांत सत्तर

मनमाडहून येवल्याकडे निघालं की अंकाईच्या किल्ल्याच्या पुढे डाव्या हाताला सौरपट्ट्यांचं निळं शेत लागतं. ते शेत संपतं तिथे एक बसकी, लांबट, पांढरी इमारत आहे. फाटकावर लिहिलंय 'उच्च चुंबकक्षेत्र प्रयोगशाळा'. एवढं लांबलचक म्हणत बसायला गावाला वेळ नाही. गाव तिला चुंबक म्हणतं. प्रमिला आहेर कुठे कामाला, तर चुंबकात.

तिचं काम चुंबकाच्या दाराशी होतं. आत जाणाऱ्याच्या अंगावरचा सगळा धातू काढून घ्यायचा, कापडी पिशवीत घालायचा, पिशवीला लाकडी बिल्ला बांधायचा आणि त्याचा जोडीदार बिल्ला माणसाच्या हातात द्यायचा. किल्ल्या, पट्टे, चष्मे, जोडवी, कानातलं यंत्र. आपल्या अंगावर किती लोखंड आहे हे माणसाला स्वतःला ठाऊक नसतं, हे तिला सात वर्षांत कळून चुकलं होतं. 'माझ्याकडे काही नाही हो' असं ठामपणे सांगणाऱ्या बायकांच्या पदरातून, परकराच्या नाडीतून, बांगड्यांतून ती सेफ्टीपिना काढत असे. नगरसूलच्या एका बाईकडे बावीस निघाल्या होत्या. त्या बाईलाच शेवटी हसू आवरेना.

मंगळसूत्राचं मात्र हसण्यावारी नेता येत नसे. सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण यंत्र सुरू झालं की तापतं, म्हणून तेही काढायचं असा नियम. नवरा आत सरकत्या फळीवर निपचित पडलेला आणि दाराशी बाईला म्हणायचं, गळ्यातलं काढा. बायका दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवायच्या. एक तर मटकन खालीच बसली. तेव्हा प्रमिलाने काळ्या दोऱ्यात काचेचे काळे मणी ओवून पन्नासेक पोती करून ठेवल्या. आधी ही पोत बांधायची, मग ते काढायचं. गळा क्षणभरही मोकळा राहत नाही आणि चुंबकाचंही समाधान. वार्षिक अहवालात याची नोंद 'स्थानिक पातळीवरील प्रक्रिया-सुधारणा' अशी झाली. तिला ते कोणीतरी वाचून दाखवलं तेव्हा कोणाबद्दल चाललंय ते तिच्या लक्षातच आलं नाही.

आत काय चालतं ते तिला तोंडपाठ होतं, कारण पाहुणे आले की डॉक्टर कौस्तुभ रेगे तिच्या खिडकीसमोरच उभे राहून समजावून सांगत. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, भौतिकशास्त्राचे. वय अडतीस, दाढी अर्धवट, बोलताना हात खूप. ते म्हणत, आपल्या अंगात पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि प्रत्येक हायड्रोजनच्या पोटात एक चिमुकलं चुंबक. एरवी जत्रेतल्या माणसांसारखी ही चुंबकं वाटेल तिकडे तोंड करून असतात. बाहेरून मोठं चुंबक लावलं की ती रांगेत येतात, पण गंमत अशी, की जवळजवळ निम्मी या दिशेला आणि निम्मी उलट्या. ती एकमेकांना खोडून टाकतात. हाताशी लागतात ती फक्त जास्तीची. इस्पितळातल्या चांगल्या यंत्रात ही जास्तीची किती? दहा लाखांत दहा. बाकीची लाखो गप्प, आणि या दहांच्या कुजबुजीवरून यंत्र चित्र काढतं.

"आणि आमच्याकडे?" असं रेगे स्वतःच विचारत. "आमच्याकडे एकवीस टेस्ला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या चार लाख पट. आमच्याकडे दहा लाखांत सत्तर वळतात."

पाहुणे दहा लाखांत सत्तर ऐकून जरा हिरमुसत. मग रेगे पुढे सांगत, की सत्तर हा आकडा फार मोठा आहे. एवढं बळ असलं की सोडियमसारख्या अबोल मंडळींचाही आवाज ऐकू येतो, आणि मेंदूतली पेशी बोलते ती सोडियमच्या ये-जा करण्यावरच. साधं यंत्र मेंदूत रक्त कुठे धावलं ते बघतं, म्हणजे धूर बघून चूल पेटली असेल म्हणायचं. इथे जाळ दिसतो. कोणती हाक कुठे पोचली, कुठून कुठे गेली, सगळं.

या यंत्राचं बाहेरचं वेटोळं हेलियमच्या थंडीत बारा महिने चालू असे. आतलं तांब्याचं वेटोळं मात्र भयंकर वीजखाऊ. ती वीज अकरा ते दोन या वेळात मिळायची, सौरपट्ट्या ओसंडून वाहतात तेव्हा. त्यामुळे मनमाडच्या चुंबकात जे काही कळायचं ते भर दुपारीच कळायचं. त्या वेळात वेटोळं थंड ठेवायला तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवत, पण गावाला ते पटत नसे. तुमच्या लोहचुंबकाला रोज पाणी आणि आम्हाला वीस दिवसांनी, असा टोमणा प्रमिलाने बाजारात अनेकदा खाल्ला होता.

तीन वर्षांपूर्वी तिथे ओळख-चाचणी सुरू झाली. उघड्या डोळ्यांनी पडून असलेली, न बोलणारी, न हलणारी माणसं कुठून कुठून आणली जायची. त्यांना फळीवर निजवून मुंगीच्या चालीने आत सरकवायचं, कारण घाई केली तर अशा क्षेत्रात डोकं गरगरतं आणि जिभेवर जस्ताची चव येते. मग प्लॅस्टिकच्या नळीतून कानात आवाज सोडायचे. आधी परक्यांचे वीस, मग घरच्या माणसाचा. ही पद्धत परदेशातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी बसवलेली: रुग्णाच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने त्याला नावाने हाक मारायची. स्वतःच्या नावाइतकं काहीच खोल रुजलेलं नसतं, असं त्यांनी शेकडो मेंदू तपासून ठरवलं होतं.

शेवटी एक कागद मिळायचा. 'ओळख आहे' किंवा 'ओळख नाही'. त्या कागदावर पुढे बरंच काही ठरू लागलं. ओळख नाही म्हटलं की नाशिकजवळच्या शुश्रूषागृहात कायमची जागा मिळायची. ओळख आहे म्हटलं की अशा माणसाची जागा त्याच्या घरीच, असा नियम. दिवसाला आठ तास आया मिळायची आणि बाकीचे सोळा तास घरच्यांचे.

प्रमिलाच्या घरी सोळा तास तिचे एकटीचे होते. भास्कर, तिचा नवरा, वीजमंडळात वायरमन. सहा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात दात घासत उभा होता तो तिथेच कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. जगला. डोळे उघडतो, मिटतो, चमच्याने भरवलं तर गिळतो. नजर छताकडे. मुलगी हर्षदा लग्न होऊन सुरतला. ती दर रविवारी फोनवर एकच सांगायची, की पप्पांना नाशिकला ठेवू आणि तू माझ्याकडे ये. त्यासाठी चाचणी हवी होती. प्रमिला रोज चाचणीच्या दारात बसत होती आणि दोन वर्षं तिने ती टाळली.

मग तिच्या कमरेतली गादी सरकली. भास्करला कुशीवर वळवताना कडकन आवाज आला आणि ती त्याच्या अंगावरच आडवी झाली. आया दुसऱ्या दिवशी सकाळी येईपर्यंत दोघंही एकमेकांना उपयोगाची नव्हती. हर्षदा त्या दिवशी फोनवर रडली. प्रमिलाने नाव नोंदवलं.

कागदावर काय यावं असं तिला वाटत होतं? 'आहे' यावं असं वाटत होतं. 'नाही' यावं असंही वाटत होतं. असलं काही कोणाला सांगायची सोय नसते. तिला सहा वर्षांत सगळं सांगण्याजोगं माणूस एकच मिळालं होतं आणि ते खाटेवर पडून छताकडे बघत होतं. तिने त्यालाच सांगितलं.

ठरल्या दिवशी तिने स्वतःच्या पिना स्वतः मोजून पिशवीत घातल्या, काळी पोत बांधली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसली. समोर कागद धरलेला. 'भास्कर. भास्कर, मी प्रमिला.' पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा घसा खरवडल्यासारखा फुटला. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, काकू, जरा मोकळेपणाने. तिसऱ्यांदा शाळेत हजेरी घेतात तसं जमलं, तेच घेतलं.

दीड वाजता रेगे तिच्या खिडकीशी आले. नेहमी हवेत असणारे हात खिशात होते. ते म्हणाले की परक्यांच्या आवाजाला जेवढा प्रतिसाद, तेवढाच तिच्या आवाजाला. फरक नाही. म्हणजे शून्य.

ती 'बरं' म्हणाली. खिडकीवर तीन माणसं बिल्ले घेऊन उभी होती, त्यांच्या पिशव्या दिल्या. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. नाशिकची जागा पुढच्या महिन्यात मिळणार होती. घरी गेल्यावर तिने भास्करला भरवलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ओळखत नाही म्हणे मला. बत्तीस वर्षांनी." मग तिला वाटलं, हे तरी कोणाला सांगतेय.

पुढच्या मंगळवारी नस्तनपूरहून एक बाई आली. साठीची असेल. नऊवारी, कपाळभर कुंकू. नवऱ्याला आत नेलं होतं आणि ही खिडकीवर एकेक पिन काढून देत होती. देता देता तिने विचारलं, आत मला काय करावं लागतं? प्रमिलाने नेहमीचं सांगितलं: काही नाही, मालकांच्या नावाने हाक मारायची.

बाईने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. प्रमिलाला वाटलं रडतेय, तर ती हसत होती, लाजून, सोळा वर्षांच्या पोरीसारखी.

"नाव? अन् तेही एवढ्या लोकांत?" ती म्हणाली. "अगं माय, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ते ऐकतील तर म्हणतील, ही कोण बया मला नावानं बोलवतेय."

प्रमिलाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. पन्नाशी उलटलेल्या किती बाया या खिडकीवरून आत गेल्या होत्या, त्या तिच्या डोळ्यांसमोरून जायला लागल्या. त्यांना पोत तिने बांधली होती. नाव घेऊन हाक मारा, हेही तिनेच सांगितलं होतं. आणि तिचं स्वतःचं काय? भास्कर हा शब्द तिने रेशनकार्डाच्या अर्जात लिहिला होता, इस्पितळात सांगितला होता, पण भास्करला उद्देशून आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. त्या नळीतून त्याच्या कानात गेली ती कोणीतरी परकी, घाबरलेली बाई होती. तिला त्याने का ओळखावं?

तिने खिडकी बंद केली, सात वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या वेळेत, आणि रेग्यांच्या खोलीत गेली. रेग्यांना कळायला वेळ लागला. त्यांची बायको त्यांना कौस्तुभ म्हणते, त्यांची आई त्यांच्या वडिलांना अरेतुरे करायची. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं आणि परदेशातल्या तज्ज्ञांच्या तर नव्हतंच नव्हतं.

"मग तुम्ही त्यांना काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे, हाक कशी मारता?"

"हाक कशाला मारायची? एकाच खोलीत असतो. मी बोलायला लागले की त्यांना कळतं, त्यांच्याशी बोलतेय."

रेग्यांनी कपाटातून बोराएवढं एक ध्वनिमुद्रक काढलं. हे खांद्याला लावा, तीन दिवस, आणि विसरून जा, असं त्यांनी सांगितलं. तासन्‌तासांच्या बोलण्यातून नेमकी नेहमीच्या ढंगाची वाक्यं यंत्रच निवडून काढणार होतं.

पहिल्या दिवशी ती आकाशवाणीवर बातम्या देतात तशी बोलली. 'आता आपण औषध घेऊ या.' आया अनुसया तिच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, भास्करचा पाय खाटेच्या कडेला आखडून बसला, कमरेतून कळ गेली, आणि त्यानंतर खांद्यावरचं बोर ती खरोखरच विसरली.

दुसऱ्या चाचणीला रेग्यांनी तिला नियंत्रण-कक्षात बसवून घेतलं. आवाज नळीतून आत जात होते तसे इथे ध्वनिक्षेपकावरही ऐकू येत होते. पडद्यावर भास्करचा मेंदू, अक्रोडासारखा, राखाडी. परक्यांचे आवाज आले. कानांच्या मागे जरासा उजेड झाला आणि विझला, दारावरून सायकल गेल्यासारखा. एक, दोन, पाच, वीस. मग खोलीत तिचाच आवाज आला, घरचा, वैतागलेला.

'उघडा तोंड. अजून एक घास. नखरे नकोत.'

कानांमागचा उजेड विझला नाही. तो पुढे सरकला, आत गेला, दोन्ही बाजूंनी वर चढला. रेगे खुर्चीतून उठून उभे राहिले.

'गेली वीज. तुमच्या खात्याला काही लाज आहे का?'

पुन्हा. तंत्रज्ञ मुलगी हसली आणि तिने डोळे पुसले. प्रमिलाही हसली असावी, कारण तिचे गाल दुखत होते. सहा वर्षांत तिला एकाही वाक्याचं उत्तर मिळालं नव्हतं, आणि ही उत्तरं होती, ओळीने, पिवळी, नारिंगी.

मग यंत्राने निवडलेलं तिसरं वाक्य आलं.

'सुटा हो एकदा. मलाही सोडवा.'

पडदा भरून गेला. रेगे पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, सर्वांत जास्त इथे. कमाल आहे." त्यांना तिथे फक्त आलेख दिसत होता, आणि तो खरोखरच सुंदर होता. तंत्रज्ञ मुलीला वाक्यही ऐकू आलं होतं. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

संध्याकाळी हर्षदाला फोन केला. आधी ती आनंदाने रडली. पप्पा ओळखतात, पप्पा ओळखतात, असं चारदा म्हणाली. मग ती म्हणाली, "म्हणजे आता तू येणार नाहीस."

त्या दिवसापासून प्रमिला घरात बोलेनाशी झाली.

ठरवून नव्हे. बोलायला तोंड उघडायची आणि आठवायचं की तो ऐकतोय. नुसता आत्ताच नव्हे. सहा वर्षं ऐकत आलाय. ती त्याच्यासमोर काय काय बोलली नव्हती? त्याच्या बहिणीचा उद्धार केला होता, तोही सणासुदीला. हिशेब तपासायला आलेल्या एका कारकुनाबरोबर चहा प्यायला आपल्याला आवडतं, हे सांगितलं होतं. तो कारकून नंतर बदलून गेला तेव्हा भास्करच्याच खाटेवर बसून डोळेही पुसले होते. तेराव्याला किती पानं होतील याचा अंदाज मोठ्याने मांडला होता, आणि बुंदी की शिरा यावर स्वतःशी वाद घातला होता. भिंतीशी बोलावं तसं. भिंतीला कान असतात म्हणतात, पण ते कोणी खरं धरत नाही.

आता ती मुक्याने भरवायची, मुक्याने कूस बदलायची. सहा वर्षं त्याच्यासमोर साडी बदलत होती, आता स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेऊ लागली. खोलीत एक जागतं माणूस आहे, त्याला सगळं कळतं, आणि त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. तो नसल्यासारखा होता तेव्हा ती एकटी नव्हती, कारण बोलत होती. आता तो सोबतीला आहे हे सिद्ध झालं होतं आणि घरात चमच्याचा आवाज तेवढा उरला होता. अनुसयाने विचारलं, घसा बसलाय का? ती हो म्हणाली. बसलेला घसा महिनाभर टिकला.

इकडे चुंबकात रेग्यांनी जुने निकाल उघडले. नवऱ्याला नावाने हाक मारून 'ओळख नाही' असा कागद घेऊन गेलेल्या, पन्नाशीपुढच्या बायका त्रेचाळीस निघाल्या. ते चार दिवस जेवायला आले नाहीत. नवी पद्धत लिहून त्यांनी सगळीकडे पाठवली आणि त्रेचाळीस पत्रं तयार केली. प्रमिला म्हणाली, अशा बायकांची पत्रं त्यांची मुलं उघडतात. फोन करायला हवा. मग ते काम तिच्याकडेच आलं. निकाल चुकीचा असू शकतो, पुन्हा चाचणी करू, माणूस नाशिकला असेल तर आम्ही आणवू. एवढंच सांगायचं होतं. काही बायका रडल्या. एकीने शिव्या दिल्या आणि प्रमिलाने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

सतरावा फोन चाळीसगावला, इंदूबाई बोरसे यांना. प्रमिलाने पाठ झालेलं वाक्य सुरू केलं आणि पलीकडून शांतपणे उत्तर आलं, की ते श्रावणात गेले. नाशिकलाच.



"म्हणजे त्यांना कळत असेल मी कोण ते?" इंदूबाईंनी विचारलं.

"ते आता नाही सांगता येणार. चाचणीची पद्धत चुकली होती, एवढंच ठाऊक आहे."

"तुम्ही खिडकीवरच्या ना? मला पोत बांधली होती तुम्ही. मी दर गुरुवारी जायची बघा नाशिकला. एसटीने. स्टुलावर बसायची दोन तास. पण बोलले नाही कधी. तुम्ही लोकांनी लिहूनच दिलं होतं ना, ओळखत नाहीत. म्हटलं परक्या माणसाशी काय बोलायचं. घरी होते तेव्हा लई बडबड करायची मी. भांडायचीसुद्धा. दीड वर्ष गप बसले. त्यांना काय वाटलं असेल? म्हातारी रुसली?"

प्रमिलाने 'नाही हो' म्हटलं. ते तिला माहीत नव्हतं, तरी म्हटलं. फोन ठेवल्यावर ती यादीतल्या अठराव्या नावाकडे बघत बसली. मग यादी टेबलाच्या खणात ठेवली आणि निघाली.

घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. अनुसया चप्पल घालूनच उभी होती, ती गेली. खिडकीतून उतरतं ऊन भास्करच्या पायांवर आलं होतं. प्रमिलाने हातपाय धुतले, स्टूल ओढलं आणि त्याचं तोंड होतं त्या बाजूला बसली. काही भरवायचं नव्हतं, काही पुसायचं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"मी ते म्हणाले होते," ती म्हणाली. "सुटा म्हणाले होते. ते खरं होतं. रोज नसतं खरं. पण त्या दिवशी होतं."

एवढं बोलून ती सवयीने पुढचं वाक्य जुळवायला लागली आणि थांबली.

भास्कर मुळातच सावकाश माणूस. लग्न होऊन आली तेव्हा आठवडाभर तिला वाटलं होतं, याला ऐकू कमी येतं. भाजी काय करू विचारलं, की हा आधी पाय धुवायचा, टॉवेल झटकायचा, दोरीवर पसरायचा, आणि ती कंटाळून आत निघून गेल्यावर मागून म्हणायचा, 'वांगी कर.' थांबायला ती तेव्हा शिकली होती. या सहा वर्षांत विसरली. उत्तर येणारच नाही म्हणून वाक्याला वाक्य जोडत गेली आणि मधे त्याच्यासाठी जागाच ठेवली नाही.

आता तिने पाय धुवायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला. मग टॉवेल झटकायला लागतो तेवढा. मनमाडच्या रेल्वे यार्डात एक मालगाडी डबा डबा करत जोडली जात होती, ती जोडून झाली. त्याचे डोळे छताकडेच होते. पडदा नव्हता, पिवळं-नारिंगी काही नव्हतं, आणि तो काय म्हणाला ते तिला कधीच कळणार नव्हतं.

तो बोलून संपला असेल असं वाटलं तेव्हा ती म्हणाली, "हर्षदा रुसलीय माझ्यावर."

आणि पुन्हा थांबली.